कॅरमबोर्डावर आलेलं उत्तर

बाबा, आईची बायपास झाली, आणि उत्तम झाली. काल ती इथे परदेशात, बुकित बातोकच्या आमच्या वस्तीत, इमारतीखाली स्वतःच्या पायांनी चक्कर मारून आली आणि लिफ्टमध्ये मलाच म्हणाली, "तू किती गं धापा टाकतेस!" हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण ही लढाई मी तुमच्याच हत्याराने जिंकले.

झालं असं, की डॉक्टरांनी ऑपरेशन लांबवू नका म्हणून बजावलं आणि आई अडून बसली. "ह्यांनी नको म्हटलंय." ह्यांनी म्हणजे तुम्ही, जाऊन इतकी वर्षं झालेले! बिशानला आईची एक मैत्रीण राहते, मी तिला मावशी म्हणते. तिच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी दोघी प्लँचेट करून तुम्हाला बोलवत. कॅरमबोर्ड, त्याच्या समोरासमोरच्या कडांना चिकटवलेले 'हो' आणि 'नाही'चे कागद, उपडी वाटी, उदबत्ती. कितीदाही विचारलं तरी वाटी 'नाही'वरच जायची. मी रडले, भांडले, पण आई ढिम्म.

मग मला तुमचा विज्ञानाचा तास आठवला. मी तुमच्याच वर्गात आहे, तुम्हाला सर म्हणायची सक्ती आहे, आणि तुम्ही एकोणिसाव्या शतकातल्या विलायती दिवाणखान्यांच्या गोष्टी सांगताय. दिवे मंद केलेत, साहेब आणि मडमा टेबलावर हात ठेवून मेलेल्यांना बोलावतायत, आणि टेबल खरंच सरकतंय. त्यात लबाड होते, तुम्ही म्हणता, पण पुष्कळांची बोटंच त्यांच्या नकळत ढकलत होती, मनात असेल तिकडे. मी विचारते, "सर, हे ओळखायचं कसं?" तुम्ही मिश्किल हसता. "डोळे बांध. आत्म्याला दिसतं ना? मग तुला कशाला दिसायला हवं?"

हेच वाक्य मी शनिवारी मावशीकडे जाऊन म्हटलं. मावशी भडकली, "त्यांची परीक्षा घेतेस?" आई म्हणाली, "घेऊ दे. त्यांनीही हिच्या पुष्कळ घेतल्यात." मी ओढण्यांनी दोघींचे डोळे बांधले, हात जोडायला लावले आणि बोर्ड हळूच अर्धा फिरवला. आता 'नाही'च्या जागी 'हो' होतं. वाटी मधोमध ठेवून दोघींची बोटं तिच्यावर टेकवली. आईने विचारलं, "अहो, करू का ऑपरेशन?" वाटी निघाली ती थेट नेहमीच्या बाजूला. डोळे सोडले, तर वाटी 'हो'वर! मी बोर्ड फिरवल्याचं सांगून टाकलं, आणि खरं सांगते, मला तिथेच नाचावंसं वाटत होतं. आईने वाटी उचलून हातात घेतली. "म्हणजे भीती माझीच होती," ती म्हणाली, आणि मग हसतच सुटली. "पण ही युक्ती ह्यांचीच ना? मग झालं तर. ह्यांनी हो म्हटलं." घरी तुमची नात टपलेलीच होती, इथल्या पोरांच्या इंग्रजीत ओरडली, "आजोबा सेड यस, आजी! गो लाह!"

हे पत्र कुठे टाकणार? तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, माझाही नाही. तरी एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. वाटी निघाली तेव्हा त्या दोघींचे डोळे बांधलेले होते, बघणारी मी एकटीच होते. आणि बाबा, क्षणभर मला वाटलं, वाटीने आता वळावं आणि मागच्या 'नाही'वर जाऊन बसावं. मी हरले असते. पण तुम्ही आला असतात.