भुजंगची शीळ

मानवत, २ नोव्हेंबर १९९२
आज जिनिंगमध्ये रुजू झालो. कापूस तोलायच्या नव्या इलेक्ट्रॉनिक काट्याची देखभाल माझ्याकडे. मालक माणिकरावांनी स्वतः चहा पाजला. आवारातच खोली, दारात कडुनिंब. सत्यशीला पडद्यांची मापं घेतेय. लग्नाला वर्ष होत आलं, तरी माझं नाव घ्यायला लाजते. गृहप्रवेशालाही उखाणा टाळला होता. घेईल कधीतरी, घाई कुठे आहे!

९ नोव्हेंबर
काटा उत्तम चालतो, हेच दुखणं. तो माझ्याआधीच्या भुजंगने जुळवलेला. गेल्या हंगामात तो काट्यापाशीच बसल्या बसल्या गेला. इथे ऊठसूट त्याचंच कौतुक. कुणाचा चहा सांडला तरी भुजंग असता तर सांडला नसता!

१३ नोव्हेंबर
काट्याच्या सर्किटला घड्याळासारखा ठोका असतो. तो अगदी एकसारखा पडतो, म्हणून आवारातल्या प्रत्येक रेडिओवर एका ठरावीक जागी शीळ येते. माझ्या लेखी हा बिघाड. शेजारच्या केशरबाई म्हणाल्या, “भुजंग हाय त्यो. लय गुणी लेकरू. दिवेलागणीला ऐकतो आमी.” खरंच, दिवा लावून बाया सुई त्या जागी नेतात, शीळ ऐकतात आणि मगच बातम्या लावतात. सत्यशीलाही जाऊ लागलीय.

२० नोव्हेंबर
आज शीळ ऐकून ती हसली. माझ्याकडे बघून अशी कधी हसली नाही. ज्याला तिने पाहिलंही नाही, त्याच्यासाठी! जळतोय मी. माझ्याच वहीत लपवू कशाला?

२३ नोव्हेंबर
उपाय केला. ठोका किंचित मागेपुढे झुलेल अशी जोडणी बसवली. शीळ नाहीशी होत नाही, पातळ होऊन पसरते, इतकी की कानाला लागत नाही. वजन बरोबर येतंय. दिवेलागणीला बायांनी सुई फिरवून फिरवून पाहिली. केशरबाई रडल्या. मी एक भाकरी जास्तच खाल्ली.

२५ नोव्हेंबर
स्टोव्हमधून बारीक शीळ. पिन मारली, तरी आहेच. सत्यशीला म्हणाली, बरं झालं, आता रेडिओपाशी जायला नको.

२७ नोव्हेंबर
नळात. सरकीच्या ढिगात. माणिकराव बोलताना दम घेतात, त्यात — पूर्वी सुई हलवली की तो बंद व्हायचा. आता काय हलवू?

२८ नोव्हेंबर
जोडणी काढून टाकली. ठोका पुन्हा एकसारखा. रेडिओवर ती जागा मुकीच. तो परत एका जागी यायला तयार नाही.

३० नोव्हेंबर
सत्यशीला माझ्या छातीला कान लावून बसलीय. हसतेय, तशीच. इतकी जवळ कधी — मी श्वास रोखला, तरी आत शीळ चालूच — म्हणते, हलू नका, ऐकू द्या —

हट्ट धरला, एकदा तरी माझं नाव घे. उखाण्यात घे. आज लाजली नाही. लगेच म्हणाली, पांढऱ्याशुभ्र कापसाची दाबली गाठ, भु