मी पाहिलेला अपघात

मंगळवार, ४ मार्च

तिसरा एपिसोड (ए. ३) संपवला. काय मालिका आहे! बर्फाच्या चंद्रात खोल पोखरलेली वस्ती, सूर्य कोणी पाहिलेलाच नाही. हवा पुरवणारं यंत्र गोड बाईच्या आवाजात बोलतं आणि अधूनमधून एकेकाची हवा बंद करतं. "आपल्या सहकार्याबद्दल आभार." मेलेल्याच्या कागदावर मरणाचं कारणही तेच लिहितं. कोणी ऊर बडवत नाही, कोणी सुनेला शाप देत नाही. माणसं गुपचूप, व्यवस्थित मरतात. कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती.

बाहेरच्या खोलीत आमच्या ह्यांची, दिनकररावांची, सीरियल. तीत सासू नथ घालून झोपते. प्लांटमधून रिटायर झाल्यापासून हा माणूस रडणाऱ्या बायका पाहतो आणि वर मलाच विचारतो, "काय ते अंधारं अंधारं पाहून राहिली?" नेहाने पुण्याहून फोनवर मालिका सुचवली तेव्हा म्हणाली होती, आई, झेपेल ना तुला? पोटची पोरगी, पण ओळखत नाही.

फॅक्टरीत आज फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या, एका महाशयांनी स्वतःच्याच पायावर कास्टिंग पाडून घेतलं. अपघाताचा फॉर्म भरला. चौथा रकाना 'कारण' : कामगाराचा निष्काळजीपणा. तो मी सगळ्यात आधी भरते, नाव-गाव मग. सेफ्टी ऑफिसात सव्वीस वर्षं काढल्यावर विचारायला कशाला जावं लागतं? समोरच्या टेबलाचा साहू म्हणतो, "मॅडम तो बिना देखे बता देती हैं." त्या गाढवाच्या तोंडून एवढं एकच शहाणं वाक्य निघतं.

गुरुवार, ६ मार्च

अपघात पाहिला. नीट लिहून ठेवते.

नंदिनी रोड, कुरुदच्या वळणाच्या अलीकडे. संध्या. ५.२०. स्कूटर शिरीषाच्या झाडाखाली लावून उभी होते. (ए. ५ ची शेवटची काही मिनिटं उरली होती. घरी नथवाल्या सासूच्या आवाजात सगळा विचका झाला असता.) एक मोटरसायकलवाला रॉन्ग साइडने आला. समोरून पांढरी कार. कारने वाचवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मोटरसायकल फरफटत गेली, कार पुलियाच्या कठड्यावर चढून आडवी झाली. हॉर्न अडकला तो थांबेचना. डबा उघडून भात रस्त्यावर सांडला होता, भातात एक चप्पल.

आणि मग आपली महान जनता. चाळीस माणसं, चाळीस मोबाइल. एक जण दुसऱ्याला म्हणतो, "भैया थोड़ा हटना, पैर नहीं आ रहा फोटो में." त्याच्या हातावर फाडकन मारलं. ओढणी काढून मोटरसायकलवाल्याच्या मांडीला वर आवळून बांधली. दरवर्षी फॅक्टरीत सेफ्टी वीकला मीच शिकवते, ऐकणारे जांभया देतात. तिशीचा असेल. डोळे उघडे होते पण बघत नव्हता. कारवाला स्वतःच्या पायांनी बाहेर आला, कपाळ फुटलेलं, पहिला शब्द "मेरी गाड़ी".

हवालदाराने विचारलं, "किसने देखा?" चाळीसच्या चाळीस मोबाइल खिशात. म्हटलं, मैंने देखा. जबाब सांगितला, सही केली. हवालदार म्हणाला, मॅडम, आपके जैसा साफ बयान कोई नहीं देता. कुठून देतील?

रात्री जेवले नाही. वयाने असेल.

शुक्रवार, ७ मार्च

कॉलनीच्या ग्रुपवर माझा फोटो, खाली जोडलेले हात आणि फुलं. 'सजग नागरिक.' टाकणारे तेच, जे लिफ्टमध्ये पान थुंकतात. दिनकरराव दिवसभर धास्तावलेले. "कावून पडली तू त्या भानगडीत? कोर्टात बोलावतील." आयुष्यभर कोणत्याच कागदावर स्वतःहून सही केली नाही या माणसाने. लग्नाच्या अर्जावरही सासऱ्यांनी हात धरून करवली असेल.

साहूने बातमी आणली. मोटरसायकलवाला रामेश्वर, कॅम्प-१ वस्तीतला, ठेकेदाराकडे लोडिंगवर आहे. अजून शुद्धीवर नाही, पाय राहील की जाईल सांगता येत नाही. केस त्याच्याच नावावर बसेल म्हणे, माझ्या जबाबावरून. बसू दे. रॉन्ग साइडने येताना अक्कल कुठे गेली होती?

ए. ५ चा शेवट राहिलाय. लावायला घेतला, ठेवून दिला.

रविवार, ९ मार्च

कारवाला घरी आला. बायकोसकट, मिठाईच्या डब्यासकट. कोचिंग क्लास चालवतो, मुलांना 'एकाग्रता' शिकवतो. कपाळावर पट्टी, गळ्यात सोन्याची साखळी. दिनकररावांना लगेच चहाची हौस आली.

बायको दहा वेळा म्हणाली, दीदी, आप देवी बनके आईं. मी म्हटलं, देवीला काजूकतली चालत नाही, डबा परत न्या. तर तो हसत हसत म्हणाला, "सच बताऊँ मॅडम, मुझे तो खुद नहीं पता वो किधर से आया. एक सेकंड नीचे देखा था मैंने, बस. अच्छा हुआ आपने देख लिया."

खाली कुठे पाहिलं, विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी म्हणजे सेफ्टीवाली.

डबा गेला नाही. दिनकरराव फ्रिज उघडून उघडून खात आहेत. त्यांना सुनावायचं राहून गेलं, कारण त्या माणसाचं वाक्य डोक्यातून जाईना. चालवणाऱ्याला माहीत नाही. मग

सोमवार, १० मार्च

आजारपणाची रजा टाकली. दिनकरराव दुधाला गेल्यावर ए. ५ लावला.

शेवटून सहाव्या मिनिटाला वस्तीचा लोखंडी दरवाजा पडतो. आतली बाई बाहेरच्याकडे काचेतून बघते. दरवाजा पडल्याचा आवाज आला आणि मी मागे नेऊन पुन्हा ऐकला, कारण तो आवाज लहान आहे. ठक. एवढाच. त्या दिवशी मी प्रचंड मोठा ऐकला होता. ऐकून मला आनंद झाला होता, हेही आठवलं. वाटलं होतं, वा, काय आवाज केलाय मालिकावाल्या पोरांनी.

म्हणजे तो आवाज मालिकेतला नव्हता. मी मान खाली घालून पडद्याकडे बघत होते. हेल्मेट डोक्यावर, हेल्मेटच्या आत इयरफोन. पडद्यावरची बाई नुसती बघत राहिली आणि हॉर्न मात्र वाजतच राहिला, तेव्हा मान वर केली. तोवर कार आडवी झाली होती.

मी काहीही पाहिलं नाही. तो कोणत्या बाजूने आला मला माहीत नाही. हवालदाराने विचारलं आणि तोंडातून चौथा रकाना बाहेर आला. मजूर आहे, घाईत आहे, म्हणजे रॉन्ग साइड. शपथेवर सांगते, सांगताना मला खोटं बोलतेय असं वाटलंही नव्हतं. सांगता सांगता तो मला रॉन्ग साइडने येताना दिसायला लागला होता. अजूनही दिसतो.

गुरुवारचं पान पुन्हा वाचलं. 'अपघात पाहिला. नीट लिहून ठेवते.' थू तुझ्या जिंदगीवर. रोजनिशीशीसुद्धा खोटं.

त्या चाळीस जणांनी निदान मोबाइल खिशात घातले. न पाहिलेलं पाहिलं म्हणाले ती एकटी मीच.

बुधवार, १२ मार्च

फॅक्टरीच्या गेटवर एक म्हातारा उभा. डोक्याला गमछा, पांढरा सदरा. रामेश्वरचा बाप, बळीराम. मूळचे गोंदियाकडचे, बोलणं आमच्यासारखंच. मला वाटलं, भांडायला आला. मनात उत्तरंही तयार केली.

"बाई, तुमीच पायलं म्हनतेत."

हो म्हटलं. अजूनही हो म्हटलं.

"मंग मले एवढं सांगा जी, पोट्टा रॉन्ग साइडनं कावून आला असन? तो तं कधी येत नाही. लहानपनापासून सांगून राहिलो त्याले, माह्या हाताकडं पाह्य अन् मंग गाडी चालव." असं म्हणून उजवा हात पुढे केला. दोन बोटं नाहीत. "पर तुमी पायलं म्हंजे आलाच असन. माहे बोटं गेले तवा बी तुमीच लिवलं होतं."

मला आठवत नव्हतं. शेकडो फॉर्म. तो म्हणाला, मोल्डिंगला होता, खूप वर्षं झाली. कागद मीच टाइप केला, त्याने सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा दिला. उजव्याला पट्टी होती म्हणून.

"तवा मले वाटलं होतं का मशीनच आपोआप खाली आली. पर तुमी लिवलं निष्काळजी, तं म्हनलं असन बाप्पा. आपल्याले आपलं काय दिसते?"

राग असता तर मी उभी राहिले असते. त्याला राग नाहीच. माझ्यावर विश्वास आहे. एवढा मूर्ख माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, आणि त्याला मूर्ख मी बनवलंय.

शेवटी म्हणाला, "पोट्टा शुद्धीवर आला का पयले हेच इचारन. त्याले काय सांगू? चूक तुहीच होती, असं सांगू?"

"आधी शुद्धीवर येऊ द्या, बाबा," म्हटलं आणि आत निघून आले. साहू विचारतो, कौन था? म्हटलं, कोणी नाही. जुने फॉर्म माळ्यावर आहेत. चढून पाहायची हिंमत झाली नाही.

गुरुवार, १३ मार्च

दिनकररावांना सांगितलं. सगळं. इयरफोनसकट.

आधी सीरियल बंद केली. मग हसायला लागले. "तू? हेल्मेटात इयरफोन? तू मले बाथरूममध्ये चप्पल घालाचे नियम सांगते!" डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले. तीस वर्षांत हा माणूस माझ्यावर इतका खूश झाला नव्हता. मग एकदम गंभीर झाले आणि नेहमीचं सुरू. होळी होऊन जाऊ दे. साहेब काय म्हणतील? कॉलनीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. सही केली ना, झालं मग.

सही केली ना, झालं मग. हेच वाक्य मी फॅक्टरीत किती जणांना ऐकवलंय. त्यांच्या तोंडून ऐकून किळस आली. कोणाची ते लिहायला नको.

फॅक्टरीतल्या साहेबांनाही फोन केला. सांगायला नको होतं आधी, पण केला. ते गोडीत म्हणाले, "सोच लीजिए. सेफ्टी डिपार्टमेंट का नाम है." गोड आवाज, अगदी हवा बंद करणाऱ्या यंत्रासारखा. मालिकेचे तीन भाग राहिलेत. शेवटी यंत्राचं काय होतं, नेहाला विचारलं. म्हणाली, आई, तूच बघ ना.

शनिवार, १५ मार्च

काल रंग. कॉलनीत 'सजग नागरिक'ला गुलाल लावायला रांग. दार उघडलं नाही.

आज सकाळी पोलीस ठाण्यात गेले. कागद घरून लिहून नेला, हाताने, टाइप न करता. मी पाहिलं नाही. मी मोबाइल बघत होते, कानात इयरफोन होते. मोटरसायकल कोणत्या बाजूने आली ते मला माहीत नाही. कार कशी चालत होती तेही माहीत नाही. आधीचं अंदाजाने सांगितलं. चार ओळी लिहायला तीन पानं फाडली.

हवालदाराने दोनदा वाचलं. "मॅडम, पहले देखा, अब नहीं देखा? किसी ने कुछ बोला क्या आपको?" म्हटलं, कोणी बोललं नाही, तेच तर. तो म्हणाला, बयान ऐसे नहीं बदलता, साहब होली के बाद छुट्टी पर हैं, सोमवार को ग्यारह बजे आइए. कागद घेतला नाही. परत दिला. माझ्याकडे असा पाहत होता जसं मी फेटलिंगवाल्यांकडे पाहते.

बाहेर बाकावर बळीराम. त्याला निरोप मीच पाठवला होता. रामेश्वरने काल डोळे उघडले, पाणी मागितलं. पाय अजून अधांतरी. अजून काही विचारलेलं नाही.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. इयरफोनचंही. त्याला मोबाइलवर कोणी गोष्ट बघत उभं राहतं हे कळायला वेळ लागला.

"मंग चूक कोनाची व्हय, बाई?"

"मले मालूम नाही, बाबा."

"कारवाल्याची?"

"ते बी मालूम नाही. मी पायलंच नाही."

आता तरी शिव्या देईल वाटलं. मान हलवत राहिला. समोर रंगाने माखलेली दोन कुत्री पडली होती, त्यांच्याकडे बघत होता. मग उजवा हात गुडघ्यावर उलटा ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"माह्या वक्ताले तरी पायलं होतं का तुमी?"

आमच्या ऑफिसची खिडकी मोल्डिंगच्या शेडकडे उघडत नाही. तिथे काम केलेल्या माणसाला ते माहीत असतं.

सोमवारी अकरा वाजता पुन्हा ठाण्यात, हाच कागद घेऊन.