ऑर्व्हल गेला

१८ मार्च. प्रेस्टन, आयडाहो.
आजपासून मी एल्डर वॉडली. छातीवर काळी पट्टी, पट्टीवर नाव. आरशात पाहिलं. भारदस्त. मिशनवर पुरुष एल्डर, बायका सिस्टर, म्हणून बायकोच्या, आर्डिथच्या, पट्टीवर सिस्टर वॉडली. तिची वाकडी लागली होती, मी सरळ केली.

लोक एकाहत्तराव्या वर्षी गोल्फ खेळतात, आम्ही दोघं आमच्या मॉर्मन पंथाच्या मिशनवर, धर्मप्रचाराला निघालो. घर विकलं. आर्डिथला विचारलं होतं. ती काही बोलली नाही, म्हणजे होकारच. सगळा संसार मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, बसवला, उरला तो पुतण्याच्या गॅरेजमध्ये.

निश्चय: रोज निदान पाच परक्या माणसांशी धर्माबद्दल बोलायचं. गोड बंद. आर्डिथवर आवाज चढवायचा नाही.

निघताना आर्डिथ म्हणाली, टेकडीवरून जाऊ या. टेकडीवर कबरस्तान आहे. ट्रुडी तिथे आहे. आमची मुलगी. चार वर्षांची होती. मी समजावलं की तो रस्ता अरुंद, एवढी गाडी वळायची नाही. शिवाय आपलं कुटुंब मंदिरात कायमचं बांधलेलं आहे, परलोकात भेट ठरलेलीच आहे, मग घाई कसली? हायवेने काढली. आर्डिथ मान वळवून मागे बघत राहिली. म्हटलं, मान धरेल.

१९ मार्च. वायोमिंग.
वारा. गाडी नुसती डुलते आहे. सराईत ड्रायव्हर नसता तर खड्ड्यातच असतो.

गाडी चांगली मिळाली. पोकाटेलोच्या व्होंडा स्प्रेग नावाच्या बाईंची. आम्ही बघायला गेलो तेव्हा दारात उभ्या राहून म्हणाल्या, ऑर्व्हल गेला हो, आता हे धूड मी एकटी कुठे हाकत बसू? आणि डोळ्याला रुमाल लावला. मी हॅट काढली. अशा वेळी घासाघीस बरी दिसत नाही. थोडीच केली.

नवरा ट्रक चालवायचा म्हणे.

२२ मार्च. नेब्रास्का.
पोचलो. मुक्काम बर्नाडीन कुचेरा बाईंच्या गाडीतळावर. बाई विधवा, आडव्या बांध्याच्या, तोंडाने फटकळ. गाडी मागे घेताना हातवारे करून ओरडत होत्या. मला गरज नव्हती. फांदी पडली ती मुळातच वाळलेली होती.

कामाची जागा जवळच, मलबेरी क्रीक. आमच्या पंथाचे जुने लोक पश्चिमेला निघाले तेव्हा त्यांचे तांडे इथे थांबायचे. छोटं म्युझियम आहे, मागे कबरी आहेत. बहुतेक लहान मुलांच्या. वाटेत ताप यायचा, मुलं जायची, तिथेच पुरायचं आणि पुढे चालू लागायचं.

डायरेक्टर एल्डर बॅगली वयाने माझ्याहून लहान. मला म्युझियम आणि पार्किंग दिलं. कबरी आणि तिथली गोष्ट आर्डिथला. गोष्ट अशी की एका आईने रात्री मुलीला पुरलं आणि सकाळी तांड्याबरोबर निघाली. मी सुचवून पाहिलं की मला आवाज आहे. ते म्हणाले, ही गोष्ट बाईमाणसानेच सांगितलेली बरी.

बघू.

२६ मार्च.
नदीत करकोचे उतरलेत. लाखांनी असतील. सकाळी एकदम कोकलतात, अंगावर काटा येतो.

फिरून आलो तर गाडीतून रडण्याचा आवाज. दाराशी थांबलो. बारीक, दाबून धरलेलं रडणं. मग लक्षात आलं, करकोचे. आत गेलो. आर्डिथ तोंड धूत होती. कांदा चिरत होते म्हणाली.

जेवायला कांद्याचं सूप.

३० मार्च.
पुन्हा कांद्याचं सूप. आर्डिथला एवढं कधीपासून आवडायला लागलं?

धर्म: एक जण. त्याने टॉयलेट कुठे आहे ते विचारलं. सुरुवात होणं महत्त्वाचं.

४ एप्रिल.
आज आर्डिथचं काम पाहिलं. पंधरा-वीस पाहुणे, वारा, ती कबरींमध्ये उभी. गोष्ट बरी सांगते. एका बाईने विचारलं, त्या आईचा पाय तरी कसा निघाला हो?

आर्डिथ म्हणाली, नवऱ्याने गाडी पुढे हाकली म्हणून.

उत्तर ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर आहे, पण त्यातून बोध काही निघत नाही. मी पुढे होऊन सांगितलं की आमच्या पंथात कुटुंबं कायमची असतात, मरणानेही तुटत नाहीत. छान वठलं. वळून पाहिलं तर आर्डिथ नव्हती. गाडीत जाऊन झोपली होती. वय झालं तिचं.

९ एप्रिल.
करकोचे उत्तरेला गेले. एकाच सकाळी सगळे. नदी ओकीबोकी.

११ एप्रिल.
करकोचे गेले. रडणं गेलं नाही.

फिरून परतताना स्पष्ट ऐकलं. मी दार उघडलं की बंद. आर्डिथला विचारलं, तुला काही ऐकू आलं? ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, नाही, तुला?

तिचे कान कमी झालेत.

आणखी एक. गाडीत कॉफीचा वास. आम्हा मॉर्मनांना कॉफी वर्ज्य, त्यामुळे आमच्या नाकाला ती लगेच कळते. आर्डिथ म्हणाली, बर्नाडीनकडून येत असेल. पण खिडक्या बंद होत्या.

मी भित्रा नाही. तरी आज जरा जास्त वेळ प्रार्थना केली.

१४ एप्रिल.
उलगडा झाला. इतकं सरळ असून आधी कसं सुचलं नाही!

ऑर्व्हल.

ट्रकवाला माणूस. कॉफीवर जगलेला. गेला. बहुधा ह्याच गाडीत, पलंगाच्या त्याच बाजूला जिथे मी झोपतो. त्याच्या आत्म्याला शांती नाही. मिशनरी दांपत्य गाडीत राहायला आलं हे पाहून तो रडतो, म्हणजे हाक मारतो. त्याला बाप्तिस्मा हवाय!

आमच्यात मेलेल्याच्या नावाने बाप्तिस्मा करता येतो. जिवंत माणूस त्याच्या जागी पाण्यात उतरतो. घरच्यांची परवानगी तेवढी लागते.

म्हणजे मिशनचा पहिला माणूस मिळाला. तोही चालून आलेला. पार्किंगमधले लोक ऐकत नाहीत तर नाही, मेलेले ऐकतायत.

आर्डिथला सांगितलं. ती हातातलं काम टाकून मटकन बसली. म्हणाली, डेलॉय, तुला खरंच वाटतं की ते रडणं ऑर्व्हलचं आहे? म्हटलं, दुसरं कोण असणार?

ती खिडकीबाहेर बघत बसली. भारावली असावी.

१७ एप्रिल.
बर्नाडीन बाईंना कुठून कळलं देव जाणे. पाण्याच्या नळापाशी गाठून म्हणाल्या, काय एल्डर, जिवंत संपले म्हणून आता मेलेल्यांच्या मागे लागलात? मी शांतपणे हसलो. थट्टा सोसणं हा कामाचाच भाग आहे.

मग आवाज खाली आणून म्हणाल्या, अहो, जरा घरात बघा.

म्हटलं, रोज बघतो, सगळे कोपरे पाहिलेत, पलंगाखाली टॉर्च मारलाय. बाईंनी कपाळावर हात मारला आणि निघून गेल्या.

१९ एप्रिल.
आज ऑर्व्हल गुणगुणत होता. मी दाराबाहेर. आत शब्द नसलेलं गाणं, मुलाला थोपटताना म्हणतात तसलं. मध्येच तुटायचं, पुन्हा सुरू व्हायचं. सूर ओळखीचा वाटला. फार जुना. पूर्वी आमच्या मागच्या खोलीतून यायचा तसा.

ट्रकवाल्यांनाही मुलंबाळं असतात. येत असतील गाणी.

आत न जाता म्युझियमला एक चक्कर मारून आलो.

२१ एप्रिल.
व्होंडाबाईंना फोन केला. आधी मनात भाषण तयार केलं होतं. हळुवारपणे सांगितलं की ऑर्व्हल आमच्या गाडीत आहे, तो रडतोय, मी त्याला मदत करू इच्छितो, आपली परवानगी असावी.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

मग म्हणाल्या, तिथे पोचला मेला? त्या जिमवालीने हाकलला वाटतं?

मी म्हटलं, बाई, तुम्ही म्हणाला होतात ऑर्व्हल गेला.

गेला म्हणजे अ‍ॅरिझोनाला गेला! व्होंडाबाई ओरडल्या. त्या नटव्या बाईबरोबर गेला! परवाच फोटो टाकलाय, स्विमिंग पूलमध्ये, टोपी घालून! आणि रडतोय तर रडू दे, मला सांगू नका.

विचारलं, ऑर्व्हल कॉफी पितो का?

म्हणाल्या, त्याचं पोट बिघडतं कॉफीने. फोन आपटला.

फोन हातात धरून बसलो. आर्डिथ समोर मोजे घडी करत होती. काय म्हणाल्या, तिने विचारलं. म्हटलं, लागला नाही.

२२ एप्रिल, सकाळ.
फिरायला गेलो नाही. निघालो असं दाखवलं आणि गाडीच्या मागे उभा राहिलो. एल्डरने लपून उभं राहणं शोभत नाही. पण राहिलो.

सुरू झालं. रडणं, मग गाणं.

दार वाजवलं. स्वतःच्या दारावर कोण टकटक करतं? मी केली. आत आर्डिथ टेबलाशी. बर्नाडीनचा थर्मास, कप. कपात कॉफी. लपवायला गेली, मग लपवला नाही.

मी कॉफीबद्दल काही बोललो नाही.

विचारलं, केव्हापासून? म्हणाली, कॉफी इथे आल्यापासून. म्हटलं, आणि ते दुसरं? म्हणाली, तू विचारलं नाहीस कधी.

मी म्हटलं, पण आपल्याला माहीत आहे ना, ट्रुडी परत भेटणार आहे. आर्डिथ म्हणाली, तेव्हा भेटेल रे. मी कुठे नाही म्हणते? पण तोपर्यंत दर शनिवारी मी तिच्यापाशी जाऊन बसायचे. तुला वाटायचं मी भाजी आणायला जाते. इथे मी रोज दुसऱ्यांच्या मुलांचे दगड पुसते.

मग म्हणाली, मला जायचंय.

म्हटलं, घर विकलंय आपण. ती म्हणाली, घर कोण म्हणतंय?

म्हटलं, मिशन संपू दे, मग पहिल्यांदा तिकडेच जाऊ. ती हसली. वाईट हसली. दुपारी बर्नाडीनबाईंनी तिला बसवर सोडलं. मी बॅग उचलायला गेलो, तिने उचलू दिली नाही.

चार दिवसांत परत येईल.

२३ एप्रिल.
गाडीत काहीच आवाज नाही. आवाज होता ते बरं होतं.

डायरेक्टरांचा निरोप, जोडप्यातल्या एकट्याला मिशनवर राहता येत नाही. त्यांना सांगितलं, बहिणीकडे गेली आहे, येतेच आहे. तोवर तिचं काम मी करतो. हे माझ्या हातचं काम आहे.

२४ एप्रिल.
केलं. म्हणजे सुरू केलं.

शाळेतल्या मास्तरणींचा गट होता. मी कबरींमध्ये उभा राहिलो, खडा आवाज लावला. रात्र कशी होती, जमीन कशी गोठलेली, बापाने खड्डा कसा खणला. इथपर्यंत उत्तम. एकीने विचारलं, मुलीचं नाव काय होतं?

नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. आर्डिथ तसंच सांगते, मलाही ठाऊक आहे.

मी म्हटलं, ट्रुडी.

त्या माना हलवत होत्या. हळू आवाजात एकमेकींना सांगत होत्या, ट्रुडी, ट्रुडी. पुढे सकाळ होते, आई उठते, तांडा निघतो. ते मला सांगता येईना. तोंड उघडायचो आणि नुसता वारा आत जायचा. एका बाईने मला बाकावर बसवलं, पाण्याची बाटली दिली. वयोमानाने होतं असं, म्हणाली.

संध्याकाळी पट्टी काढून डायरेक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी हातात हात घेतला. मी सांगितलं की माघार वगैरे नाही, गाडीचं काम निघालंय. ते बरं म्हणाले.

२७ एप्रिल. प्रेस्टन.
थेट टेकडीवर आलो. गाडी फाटकातून जात नाही. बाहेर लावली.

आर्डिथ दिसली. लांब, खालच्या उतारावर, गवतात बसलेली. माझ्याकडे पाठ. हाक मारली नाही. म्हटलं, आधी ट्रुडीपाशी जाऊन उभं राहावं, मग हाक मारावी, ते जास्त शोभेल.

वरच्या बाजूने सुरुवात केली. देवदार होता असं पक्कं आठवत होतं. देवदार बरेच आहेत. एका लहान दगडापुढे हॅट काढून उभा राहिलो. वाकून वाचलं तर कुणीतरी हॅरल्ड. दुसऱ्या ओळीत गेलो. तिथून तिसऱ्या. पुरलं त्या दिवशी मी इथे होतो, एवढं नक्की. त्यानंतर काम फार असायचं. आणि भेट तर ठरलेलीच होती.

बरेच दगड वाचले. ओळखीचे लोक निघाले. दूधवाला निघाला. माझा जुना बिशप निघाला. ती निघेना.

आर्डिथने वळून पाहिलं होतं. केव्हापासून बघत होती कोण जाणे. मला वाटलं, हात करेल. केला नाही.

शेवटी मीच ओरडून विचारलं, आर्डिथ, कुठे आहे गं ती?

ती म्हणाली, तिकडे नाही रे. तिकडे कधीच नव्हती.

मग गुडघ्यावर हात टेकून उठली, स्कर्टचं गवत झटकलं, आणि मला न्यायला वर आली.