दुसरी पट्टी

निपाणी, मंगळवार, दिवेलागणीला

दुपारी कॉलेजची मुलगी आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी तपासायला आली. जंतू असले की गुलाबी होणारी कागदी पट्टी होती तिच्याकडे. तिनं पाणी मागितलं आणि मी सवयीनं स्वयंपाकघरातलं दिलं, गाळून उकळलेलं. आमच्या जैन घरात पाहुण्याला दुसरं कोण देतं? पट्टी पांढरीच राहिली. मी खूश!

तेवढ्यात मळ्यातलं तण काढायला, भांगलणीला येणारी कासव्वा दारातून म्हणाली, "आक्का, ते न्हवं. आमी पितो ते द्या की."

मुलगी रागावली नाही. एकदाच चालते म्हणून ती पट्टी टाकली, दुसरी काढली. कासव्वानं विहिरीतून बादली आणली. अर्ध्या तासात पट्टी गुलाबी.

तेच पाणी पिणारी कासव्वाची नात महिनाभर पोटानं आजारी आहे. मी ओवा देत होते. ओवा! पाण्यातला जीव मरू नये म्हणून गाळणारी मी...

मुलीचे उपकार आहेतच. पण कासव्वा बोलली नसती तर? पांढरी पट्टी बघून मी निवांत बसले असते.

उद्यापासून सगळ्यांसाठी मोठा हंडा चुलीवर. जाताना कासव्वाला आमच्यातलं पाणी दिलं. म्हणाली, "कोमट लागतंय वो, आक्का."

अकरा वर्षं कामाला येते. आमच्या पाण्याची चव तिला आज कळली.