‘स्तोर्गे’ला मराठी शब्द

१२ जानेवारी १९५९, अकोला
शाळा. पाचवीचे निबंध. संध्याकाळी चर्चच्या पाळकसाहेबांकडे ग्रीक. यजमान वारल्यापासून जाते, वेळ जातो. साहेब कोश करताहेत, मराठी शब्द मी सुचवायचे. आजचा स्तोर्गे. स्त्रीलिंगी नाम. आईबापाला लेकराची, लेकराला आईबापाची असते ती. मी म्हटलं, माया. "लिहा, पण पेन्सिलीनं," म्हणाले.
घरी आले तर ओट्यावर बाबा. वलगावहून एकटे. अकरा वर्षांनी.

१३ जाने.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दादाला कापसाची वेचणी सोडून सवड नाही. "तुह्या गावात मोठा दवाखाना हाये, म्हून आलो." बाकी काही नाही. मी ख्रिस्ती मास्तरांशी लग्न केलं तेव्हा बाबांनी माझ्या नावानं आंघोळ केली होती. मास्तर वारले तेव्हा तार केली. कोणी आलं नाही.
राग येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. भाकरी वाढली. माझ्या हातची खाल्ली.

१७ जाने.
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची नाही. अर्धी रजा घेतली. चमच्यानं पेज भरवते. पलीकडच्या खाटेजवळची म्हातारी म्हणाली, "किती माया करून राहिली वं लेक!"
करत नव्हते. भरवत होते.

२० जाने.
पाळकसाहेब दवाखान्यात आले, वही घेऊन. व्हरांड्यात उभ्यानंच धडा. शास्त्रात, म्हणजे बायबलात, हे नाम सुटं कुठंच नाही. एकदा स्नेहाच्या शब्दाला जोडून, दोनदा नकार लावून. आस्तोर्गोस. नकाराचा अ आपल्यासारखाच.
"ह्याला काय लिहू?"
"मायाहीन. माझ्याकडे बघून लिहा."
लिहिलं नाही. म्हणाले, "क्रियापद बघा. स्तेर्गो. माया करणे. दुसरा अर्थ, सोसणे, आहे त्यावर भागवणे. धातू एकच."
"आणि माणसाला दुसराच तेवढा येत असेल तर?"
"तेवढं व्याकरण सांगत नाही, बाई."

२३ जाने.
बाबा पट्टीखालून बोलले.
"शेवंते, हायेस का?"
"आहे."
"तुहा नवरा गेला तवा मी अमरावतीच्या टेसनावर आलो होतो. तिकीट काढलं. गाडी आली, गेली. मी बसलो नाही."
"काहून?" माझ्या तोंडून वलगावचंच निघालं.
"पाय उचलला नाही."
पेज निवली होती. गरम करून आणली. रात्रभर काहीतरी वाटेल असं…

२७ जाने.
पट्टी सुटली. डॉक्टरांनी तीन बोटं दाखवली. बाबांनी बरोबर सांगितली. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.
"केस पिकले वं तुहे."
हो म्हटलं. टांग्यानं घरी आणलं.

३० जाने.
दादाचं पत्र. पुढच्या रविवारी न्यायला येतो. वाचून दाखवलं. बाबांनी पत्राची घडी घातली. मग, "दुसरा डोळा होळीनंतर करू म्हनते डाक्टर. तवरक इथंच रायलो तं चालन का तुले?"
कळवते म्हटलं. आपल्याच बापाला, कळवते.
कार्ड घेतलं. ‘ती. दादास सा. न. वि. वि.’ पुढं ‘बाबा’. मग स्वल्पविराम. मग ‘होळीपर्यंत’. क्रियापद अजून लिहिलेलं नाही.