बाबांचा नवा शर्ट

६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या छावणीत फोन लागत नाही, म्हणून रसदीच्या गाडीवाल्याकडे हे पत्र देतेय. बाबा अतिदक्षता विभागात आहेत. न्यूमोनिया वाढला आणि घशातून श्वासाची नळी घालावी लागली. घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच घाबरलेय.

इथल्या सिस्टर मात्र खमक्या आहेत. डॉक्टर भरभर बोलून गेले की त्या मला बाजूला बसवतात आणि काय समजलं ते माझ्याच तोंडून वदवून घेतात. कुठलं यंत्र कशासाठी ओरडतं ते त्यांनी सांगितलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. काल तर दटावून जेवायला पिटाळलं.

आईला मी साधा खोकला आहे असं सांगितलंय. बाबांना घरी येताना घालायला म्हणून तिनं नवा शर्ट शिवून पाठवला. कुणी शिवला, असं सिस्टरनी विचारलं. दुकानात बाबा कापड बेततात आणि आई शिवते, असं मी सांगितलं. मग आई अजून आल्या कशा नाहीत, असं त्यांनी विचारलं आणि मी शर्ट पिशवीत ठेवून बाहेर सटकले. काय करू ते कळव.

मिशी वाढली असेल, तसा लोभही वाढू दे.
तुझी चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. रजा मागितली आहे, मिळताच निघतो. तोवर आईला काही सांगू नकोस. एवढ्या नळ्या पाहून ती कोसळली, तर दोघांना एकटी कशी सांभाळशील? सिस्टरनाही सांग की हा आमच्या घरातला मामला आहे.

आणि घरी जाताना तोंड धुऊन जात जा. तुझा चेहरा म्हणजे उघडी खिडकी.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
दादा

१२ मार्च

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद.

चिमणीला लिहिलेलं तुझं पत्र तिनंच मला दिलं, मी वाचलं. चिमणीनं तोंड धुतलं होतं, मी शर्टावरून ओळखलं. पाठवला तसाच इस्त्रीसकट परत आला. खोकल्यानं पडलेल्या माणसाचा शर्ट एवढा कोरा राहतो होय? मी शर्ट उचलला, चपला घातल्या आणि गेले.

सिस्टरना तुझा निरोप मिळाला होता. आपणहून सांगितलं नसतं, पण तुम्ही विचारल्यावर खोटं बोलणार नाही, असं त्या म्हणाल्या. आत नेण्याआधी त्यांनी मला बसवलं आणि काय काय दिसेल ते सांगितलं. चेहरा सुजलाय, बोलता येणार नाही, पण कदाचित ऐकू येईल. तरी पाहिल्यावर मी पलंगाचा कठडा धरला. त्यांनी खुर्ची सरकवली आणि मला रडू दिलं.

वाचतील का, असं विचारलं. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं आणि स्वतः माझ्याजवळ बसल्या. सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पुढे काही ठरवायची वेळ आली तर तुझ्या बाबांना काय हवं असतं ते मी सांगेन. त्यांच्या मनातलं मला ठाऊक आहे.

शर्ट असा चढणार नाही, पाठीमागून उघडला तर चालेल, असं सिस्टर म्हणाल्या. मी तिथेच कात्री मागितली. पाठ कापली, बाह्या उसवल्या, दोन्हीकडे बंद लावले. आम्ही दोघींनी मिळून तो घातला. तुझ्या बाबांचा अंगठा दुसऱ्या हाताच्या बाहीच्या शिवणीवरून सरकत गेला आणि एका बंदापाशी अडला. झोपेचं औषध कमी केलंय म्हणून हात हलतोय, फार अर्थ काढू नका, असं सिस्टरनी बजावलं. त्यांचं बरोबर असेल. पण माझा टाका वाकडा गेला की दुकानातही हा अंगठा तिथेच अडायचा. पाहिलं तर बंद खरंच वाकडा होता. मी तो उसवून सरळ लावला.

तू ये. मला सांभाळायला नको, त्यांच्याजवळ बसायला ये. ते घरी आले तर या शर्टाची पाठ मी पुन्हा जोडीन. नाही आले, तर याच शर्टात जातील आणि मी जवळ असेन. घरी बसून मी खोकल्याचा काढा उकळत बसणार नाही.

लोभ आहेच, तो तुला कधी मागावा लागला नाही.
आई