तुमच्या पंचमावर माझा सा

अण्णा,

आज मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात. मध्ये खाकरायचं नाही, चष्मा काढून पुसत बसायचं नाही, आणि "पहले रियाज़, फिर बात" म्हणून उठायचं तर मुळीच नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोची फ्रेमसुद्धा बदलून झाली, पण आपलं भांडण काही मिटलेलं नाही. मिटवायची मला घाईही नाही. फक्त आज सकाळी एक फोन आला, आणि तेव्हापासून डोक्यात तुम्ही ठाण मांडून बसला आहात.

फोन होता आपल्या इथल्या मराठी समाजाच्या गणपतीत पेटी वाजवणाऱ्या भैयाचा. यंदाही पहिल्या संध्याकाळी आपल्या घरचं केदार रागातलं पद मीच म्हणायचं आहे. त्यानं दरवर्षीसारखं पेटीच्या पट्टीचं विचारलं, "दीदी जी, सुर वही ना? काली चार?" झोपेतून उठवून विचारलं तरी या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडात तयार असतं. आज मात्र म्हटलं, "शाम को बताती हूँ भैया." फोन ठेवला आणि नगरा मोहल्ल्यातल्या या घरात भर सकाळी तुमच्यावर चिडून बसले. तुमच्यावरच, कारण हा सगळा घोळ तुमच्यापासून सुरू होतो.

मानिक चौकामागच्या गल्लीतल्या आपल्या दोन खोल्या आठवतात? आई आत पोहे परतते आहे, तुम्हाला बबीन्याची बस गाठायची आहे, तिथल्या शाळेत फौजींच्या पोरांकडून प्रार्थना म्हणवून घ्यायची आहे, आणि त्याआधी माझी शिकवणी. पेटीचं झाकण उघडलं की तुमचं बोट न बघता पहिल्या काळ्या पट्टीवर पडायचं. काळी एक. तुमच्या वडिलांचा सा काळी एक, तुमचा काळी एक, म्हणून माझाही काळी एक. हा बाप्यांचा सूर, वयात येणाऱ्या मुलीच्या गळ्याला तो फार खाली पडतो, एवढी साधी गोष्ट तुमच्यासारख्या जाणत्या माणसाच्या ध्यानात येऊ नये? मी हनुवटी गळ्यात खुपसून तो सा गाठायची. त्याखालचा पंचम म्हणजे नुसती हवा. आई आतून विचारायची, "पोरगी गाते आहे की घागर बुडवते आहे?" तुम्हाला मात्र कोण अभिमान! घरी कोणी आलं की मला बसवायचं, मी घोगऱ्या आवाजात गायची, आणि पाहुणा मान डोलवत "मर्दानी!" म्हणायचा. राणीच्या या शहरात मुलीचं कौतुक करायला तो एकच शब्द आहे, तुम्हाला ठाऊक आहे, आणि मला त्याचा वीट आला आहे.

एकदा तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा मी गुपचूप वरच्या पट्ट्या दाबून गाऊन पाहिलं होतं. आवाज असा मोकळा सुटला की मीच दचकले. तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून तसेच बाहेर आलात, पेटीचं झाकण मिटलंत आणि म्हणालात, "सूर बदलायचा असेल तर घर बदल." ओरडला नाहीत. तुम्ही कधीच ओरडत नव्हता, तीच तर खरी पंचाईत. ओरडणाऱ्या माणसाला उलट बोलता येतं. बरं, अण्णा. तुम्ही म्हणालात तसं केलं. घर बदललं.

मी संगीत विद्यापीठाचं नाव काढलं तेव्हा तुमचं म्हणणं काय होतं, तर संगीत कुठे पिरियडमध्ये शिकतात? घंटा वाजली की राग संपतो का? शंभर पोरं एका छताखाली कोंबून काय गाणं होणार, बाजार होणार. आई म्हणाली, "बाजारात तरी चार दुकानं असतात, इथे तुमचं एकच." त्यावर तुम्ही दोन दिवस तिच्याशी बोलला नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी माझी बॅग स्वतः बांधलीत. स्टेशनवर माझ्या मांडीवर ती छोटी सूरपेटी ठेवलीत. मानिक चौकातल्या पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून तुम्ही तिची सगळी भोकं आतून चामडं लावून बंद करून घेतली होती. दोनच सूर वाजायचे, तुमचा सा आणि त्याचा पंचम. "बाकीचं बंद केलंय," म्हणालात, "भटकायला नको." एवढी माया आणि एवढी दडपशाही एकाच डब्यात बसवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आणि ते विद्यापीठ! अहो, बाजार नव्हता तो, गावच होतं गाण्याचं. लांबच लांब व्हरांडा, एका खोलीत सतार जुळते आहे, शेजारी तबल्याचे कायदे चाललेत, खालच्या मजल्यावर व्हायोलिनवाले, जिन्यात जागा मिळेल तिथे कोणीतरी तान घोटतंय. रियाझाच्या खोल्या कमी आणि गळे फार, म्हणून सकाळी खोली धरायला अक्षरशः पळापळ. आसामची मुलगी, बिहारची, केरळची, नागपूरची. ती नागपूरची माझं मराठी ऐकून म्हणाली, "तू माझ्या पणजीसारखी बोलतेस गं!" मी तिला आपलं 'फडताळ' ऐकवलं, तर लोळून लोळून हसली. घंटा वाजायची, हो. वाजली की राग संपायचा नाही, तो डोक्यात घेऊन पुढच्या वर्गात जायचं आणि तिथे दुसरा ऐकायचा. ग्रंथालयात कानाला हेडफोन लावून तासन्‌तास जुन्या गायिका ऐकल्या. अण्णा, त्यांच्यातली एकही बाई हनुवटी गळ्यात खुपसून गात नव्हती.

मुलींच्या वर्गातले तानपुरे सगळे वरच्या सुरात लावलेले असत. मी मुलांच्या वर्गातून एक जाडा तानपुरा उचलून आणायची, मुलं हसायची. आमच्या मॅडमनी आठवडाभर पाहिलं. मग एक दिवस सगळ्यांसमोर मला गायला बसवलं, ऐकलं आणि विचारलं, "बेटा, ये किसका सा लेकर आई हो?" मी ताठ मानेनं सांगितलं, "हमारे घर का." वर्ग खदखदून हसला. मॅडम नाही हसल्या. पेटी पुढ्यात ओढून त्यांनी मला एकेक पट्टी वर चढवत नेलं. "अब बोलो सा." पुन्हा एक पट्टी वर. "अब बोलो." काळी चारवर आल्यावर त्यांनी बोट तिथेच ठेवलं. मला काहीच करावं लागलं नाही, अण्णा. तोंड उघडलं आणि सा आला, जसा घरचा माणूस दार ढकलून आत येतो. मी गायचं सोडून रडायला लागले. मॅडम म्हणाल्या, "रोना बाद में, पहले पहचान लो. ये तुम्हारा है."

त्या दिवशी हॉस्टेलवर तुमची सूरपेटी काढली. ठरवलं होतं, केसातली पिन घालून सगळं चामडं उचकटून टाकायचं. पण भाता हलवला आणि हात थांबला. तुम्ही दोन सूर उघडे ठेवले होते ना? काळी एक, आणि तिचा पंचम. तिचा पंचम म्हणजे काळी चार! भटकू नये म्हणून जी दोन दारं तुम्ही उघडी ठेवलीत, त्यांतलं एक माझंच निघालं. मी तुमच्या सामध्ये रुमालाची घडी कोंबली आणि उरलेल्या सुरावर पुढची सगळी वर्षं रियाझ केला. तुमच्याच पेटीवर केला. हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे.

आता गणपतीकडे येऊ. सुट्टीत मी घरी आले, समाजाच्या गणपतीपुढे आपलं पद म्हणायचं होतं, आणि पेटीवर अर्थातच तुम्ही. मी आदल्या दिवशी स्वच्छ सांगितलं होतं की काळी चारमध्ये म्हणेन. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. संध्याकाळी सगळे बसलेले असताना तुम्ही काळी एक दाबलीत, तिचा पंचम दाबलात आणि माझ्याकडे पाहिलंत. मी तुमच्याकडे पाहिलं. आणि तुमचा पंचम उचलून त्यालाच माझा सा केला. तुमची बोटं क्षणभर दचकली. मला वाटलं, आता हा माणूस माझ्या सुरावर येईल. पण हट्टाला तुम्ही माझे वडील! तुम्ही पदाची चाल वाजवलीच नाहीत, नुसते ते दोन सूर दाबून शेवटपर्यंत बसून राहिलात. मला काळी एकवर खेचून आणायला. आणि झालं भलतंच. तुमचा सा माझ्या सुरातला मध्यम ठरला, आणि केदाराचा तर जीवच मध्यमात. असा केदार मी आयुष्यात पुन्हा गायले नाही. आपण दोघं हातघाईवर आलेलो, आणि लोक डोळे मिटून डोलताहेत! पद संपल्यावर तुमच्या बबीन्याचे ते म्हातारे सुभेदारसाहेब उठून आले, तुमचे दोन्ही हात धरून म्हणाले, "वाह मास्साब, बाप-बेटी ने क्या तैयारी की है!" तुम्ही खाली मान घालून "आपकी कृपा है" म्हणालात. काय करणार, पोरगी माझ्याशी भांडत होती म्हणून सांगणार?

घरी आल्यावर पाय न धुताच तुम्ही उंबऱ्यात उभे राहिलात. "माझ्याच पेटीवर मला हरवायला आलीस?" मी म्हटलं, "हरवायला नाही, गायला आले." तुम्ही म्हणालात, "तो सूर आपला नाही." मी म्हटलं, "तुमच्याच पेटीतला आहे. तुमचाच पंचम." आई आतून म्हणाली, "आता जेवायला बसा. वरण गार झालं तर ते कुठल्याच पट्टीत गोड लागत नाही." मला हसू आलं, तुम्हाला आलं नाही. त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी कधी पेटी धरली नाहीत. पुढच्या वर्षी मागे खांबाला टेकून बसलात आणि पद संपायच्या आत चपला घालून निघून गेलात. पाठमोरे तुम्ही मला मंचावरून दिसत होता. फार लागलं मला ते, अण्णा. लागलं, तरी मी सूर खाली आणला नाही. त्याच थंडीत तुम्ही गेलात.

लोक सांगतात, गेलेल्या माणसाला माफ करावं, त्याची बाजू समजून घ्यावी. समजून घेतली. तुम्हाला वाटत होतं, एवढ्या हिंदी-बुंदेलीच्या गराड्यात आपलं चार माणसांचं मराठी घर टिकलं ते या काही न बदललेल्या गोष्टींवर. सा हलला की घर हललं. कळतं मला. पण चूक ती चूक. घर माझ्या गळ्यावर पाय देऊन टिकवायचं नव्हतं. आणि पोरगी उडून जाईल म्हणत होता ना? मी परत आले. इथल्या मुलींच्या इंटर कॉलेजात निवृत्त होईपर्यंत गाणं शिकवलं, अजूनही घरी येतात मुली. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी काहीच शिकवत नाही, नुसती पेटीवर पट्टी-पट्टी चढत तिचा सा शोधते. तुम्ही जे मला विचारलं नाहीत ते मी प्रत्येकीच्या गळ्याला विचारते.

आता त्या फोनचं. बाईचा आवाज वयानं उतरतो, मॅडम सांगायच्या, तेव्हा मला ते म्हाताऱ्या बायकांचं काहीतरी वाटायचं. काळी चारवरून मी पांढरी पाचवर आले, मग काळी तीनवर, मग आणखी खाली. घरी. गणपतीपुढे मात्र दरवर्षी काळी चारच, मान ताणून, दुसऱ्या दिवशी मुक्यानं बसून, आल्याचा काढा पीत. कारण तिथे तुम्ही पाठ फिरवली होतीत, आणि तिथे मी एक पट्टीही खाली येणार नव्हते. गेल्या वर्षी वरचा सा फाटला. सगळ्यांनी ऐकला.

म्हणून आज दुपारी दारं-खिडक्या लावून घेतल्या. तुमची सूरपेटी काढली, रुमालाची ती घडी चिमट्यानं ओढून काढली आणि भाता हलवला. इतकी वर्षं मुका ठेवलेला तुमचा सा चक्क सुरात होता, आणि वर माझा जुना सा त्याच्या पंचमाच्या जागी. तोंड उघडलं. मग पद म्हटलं, सबंध.

संध्याकाळी भैयाला फोन करून सांगितलं, "काली एक. और पंचम बिल्कुल मत छोड़ना, शुरू से आख़िर तक दबाए रखना." तो म्हणाला, "दीदी जी, वो तो मास्साब का सुर था, पिताजी बताते थे." मी म्हटलं, "था. अब मेरा है. अपने पैरों से चलकर आई हूँ."

हे तुमच्या फोटोपुढे वाचून दाखवणार नाही. वाचलं तर मिशीतल्या मिशीत हसाल, आणि ते मला खपायचं नाही. कागद फाडून टाकीन, नाहीतर पेटीच्या कापडाखाली सरकवीन, बघू. पण दुपारी हनुवटी गळ्यात खुपसावी लागली नाही, अण्णा. सा छान लागला. हे तुम्हाला मी कळवणार नाही.